रात्रीचा नियम, चोंदलेलं नाक आणि मशीन



राखी पौर्णिमा झाली. बस्तीत दशलक्षण पर्वाच्या पूजेच्या पाळ्या ठरायला लागल्या आहेत. कोण दहा दिवस एकभुक्त राहणार, कोण अनंत चतुर्दशीचा उपवास धरणार, याच्या गप्पा सुरू झाल्या आहेत. माझी मात्र याच दिवसांत आणखी एक तयारी असते. स्वयंपाकघराच्या खिडकीत, पाणी गाळायच्या फडक्याशेजारी, नाकात मारायच्या फवाऱ्याची बाटली येऊन बसते. गेल्या वर्षी ती वेळेवर आली नाही, आणि त्याचं काय झालं हे आज सांगायचं आहे. सांगायला थोडी लाज वाटते. पण लाज वाटते म्हणून आपण बायका हा विषय काढतच नाही, आणि म्हणूनच तो लिहायला हवा असं मला वाटतं.

मी गेली पाच वर्षं रात्री मशीन लावून झोपते. आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त श्वास अडतो. मग मेंदू घाबरून आपल्याला अर्धवट जागं करतो, एक मोठा घुरका येतो आणि परत तेच. तासाला असं किती वेळा होतं ते तपासणीत मोजतात. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, तीसच्या वर म्हणजे तीव्र. माझा आकडा ३४ होता. मी आयुष्यभर समजत होते की घोरणं हा पुरुषांचा आजार. पाळी गेल्यानंतर बायकांतही याचं प्रमाण वाढतं, हे मला साठीला आल्यावर कळलं. आणि बाई डॉक्टरांकडे गेली तरी ‘मी घोरते’ असं सांगत नाही. ती सांगते, थकवा आहे, सकाळी डोकं दुखतं, झोप लागत नाही, चिडचिड होते. मग तिला रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात. मलाही तीन वर्षं त्याच मिळाल्या.

मशीन म्हणजे काय, तर खोलीतलीच हवा गाळून, थोड्या दाबाने, नळीतून आणि मास्कमधून आत सोडणारा पंप. तो ऑक्सिजन नव्हे, तसा गैरसमज बऱ्याच जणींचा असतो. त्या हवेच्या दाबाने घशाची वाट मिटत नाही, एवढंच त्याचं काम. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८१ साली ही पद्धत जगापुढे मांडली. साधी कल्पना, पण माझं आयुष्य बदललं. मशीन लावून पंधरा दिवसांत माझी सकाळची डोकेदुखी गेली.

पण ही हवा जाते कुठून? नाकातून. दारच बंद असेल तर पाहुणा आत येणार कसा?

माझं नाक भाद्रपदात बंद होतं. दरवर्षी. पाऊस ओसरायला लागतो, रस्त्याकडेच्या गवताला तुरे येतात, गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरून जातं. (आमच्याकडे त्याला काँग्रेस गवत म्हणतात. १९५०च्या दशकात पुण्याच्या आसपास ते पहिल्यांदा नजरेत आलं आणि आता गावचा एक कोपरा त्याच्याशिवाय नाही.) बाहेर हे, आणि आत भिंतींना ओल, कपाटात बुरशीचा वास, चार महिने ऊन न लागलेल्या गाद्या. सकाळी उठले की वीस-पंचवीस शिंका, डोळ्यांना खाज, टाळूला खाज, आणि रात्री आडवं झालं की दोन्ही नाकपुड्या गच्च.

नाक गच्च झालं की माणूस तोंड उघडतो. मशीनची हवा तोंडातून बाहेर जायला लागते आणि तासाभरात जीभ टाळूला चिकटते. इतर कुणी उठून दोन घोट पाणी पिईल आणि परत झोपेल. माझा रात्री चारही आहारांच्या त्यागाचा नियम आहे, श्वेतांबर भगिनी ज्याला चौविहार म्हणतात तसा. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. नियम मी आर्यिका माताजींसमोर घेतलेला आहे आणि तो मोडायची मला इच्छा नाही.

आता बघा माझी पंचाईत. नाक बंद, म्हणून तोंड उघडं. तोंड उघडं, म्हणून घसा कोरडा. घसा कोरडा, आणि पाणी चालत नाही. मग पर्वाच्या तिसऱ्या रात्री मी काय केलं? सगळ्यात सोपं होतं ते केलं. मास्क काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी धाकट्या जाऊबाईंजवळ बोलले तर त्या म्हणाल्या, “आक्का, बरंच झालं की. दहा दिवस ते यंत्र बाजूलाच ठेवा. पर्वात कशाला पाहिजे ते? थोडं सहन करायचं, तेवढंच तप.” मला ते पटलं. खरं सांगायचं तर, मला पटवून घ्यायचंच होतं. त्या मास्कचा कंटाळा कुणाला येत नाही? आणि त्याला धर्माचं कारण मिळालं तर सोन्याहून पिवळं.

सहा रात्री मी मशीनशिवाय झोपले. दुपारी प्रवचनात माझी मान खाली जायची, शेजारच्या बायकांना वाटायचं आक्का ध्यानात गेल्या. रक्तदाबाची गोळी चालू असूनही वरचा आकडा १६०च्या पुढे दिसायला लागला. आणि सातव्या दिवशी दुपारी, पिण्याचं पाणी उकळायला ठेवून मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर टेकले ती तशीच झोपले. नात शाळेतून आली तेव्हा घरभर करपट वास होता. पातेल्यातलं पाणी आटून पातेलं लालभडक झालेलं, शेजारी टांगलेल्या फडक्याची कड पिवळी पडलेली. त्या पोरीने गॅस बंद केला आणि मला हलवून जागं केलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. जीवांची दया म्हणून उकळायला ठेवलेलं पाणी, आणि त्यापायी घर पेटलं असतं.

त्या रात्री मी मास्क लावला. नाक बंदच होतं, झोप कशीबशी लागली. पण दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले आणि तिथून माझी या विषयाची शाळा सुरू झाली.

आधी जाऊबाईंच्या मुद्द्याचं बघू, कारण तो एकट्या त्यांचा नाही. आपल्यातल्या पुष्कळ जणींना आतून असंच वाटतं. तप म्हणजे संकल्प करून, जागेपणी, समजून-उमजून स्वीकारलेली गोष्ट. उपवास करताना भूक लागते आणि आपण ती ओळखून बाजूला ठेवतो. झोपेत श्वास अडतो तेव्हा तिथे संकल्प करणारं कोण असतं? तिथे ना भाव, ना जाणीव, नुसता देह गुदमरतो. बावीस परीषह आपण पाठ केले आहेत, ते मुनिराजांसाठी आहेत, आणि तेही समतेने, जागृत राहून सहन करायचे. सोळाकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ असा शब्द आहे. शक्तीनुसार तप. आपली शक्ती किती हे ठरवताना आपण बायका नेहमी चुकतो, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी चुकतो. सामायिकाला बसायचं म्हटलं की गुडघे दुखतात आणि औषध सोडायचं म्हटलं की अंगात बळ येतं.

तेव्हा माझं मत सरळ आहे. पर्व असो, यात्रा असो, मशीन बाजूला ठेवायचं नाही. आणि नियमही मोडायचा नाही. माझ्या रात्रीच्या नियमाचं आणि मशीनचं भांडण नव्हतंच कधी. भांडण होतं ते बंद नाकाशी. त्याचा बंदोबस्त पर्वाच्या आधी करायचा राहिला, ही माझी चूक.

आता तो बंदोबस्त. मी डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेली गृहिणी आहे. घरखर्चाची वही चाळीस वर्षं लिहिते, त्याच वहीच्या मागच्या पानांवर आता मशीनचे तास, शिंका आणि औषधं लिहिते. त्यातून जे हाती लागलं ते सांगते. तुमच्या औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

सगळ्यात उपयोगी ठरला तो नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा. फ्लुटिकासोन, मोमेटासोन अशा नावांचे असतात. स्टेरॉइड म्हटल्यावर मीही दचकले होते. पण हे औषध नाकाच्या अस्तरावर काम करतं, अंगात फार थोडं जातं. मात्र ते आज मारलं आणि आज नाक उघडलं असं होत नाही. पूर्ण गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात. म्हणून त्रास सुरू व्हायच्या आधीच चालू करायचं. वही बघितली तर माझ्या शिंका दरवर्षी गणपती बसायच्या आसपास सुरू होतात, म्हणून राखी पौर्णिमेला बाटली खिडकीत. मारायचीही पद्धत आहे. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, टोक मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कडेकडे वळवायचं, आणि जोरात ओढायचं नाही. मी पहिले आठ दिवस मधल्या पडद्यावरच मारत होते, मग घोळणा फुटल्यासारखं रक्त आलं आणि घाबरून बंद करणार होते.

मला प्रश्न पडला होता, रात्री फवारा मारला तर नियमाचं काय? तो आहार की औषध की काहीच नाही? मी शास्त्रार्थ करत बसले नाही. डॉक्टरांना विचारलं, वेळ बदलली तर चालेल का? ते म्हणाले, रोज मारणं महत्त्वाचं, वेळ तुमची. मी सूर्यास्ताच्या आधी, जेवण झाल्यावर मारते. प्रश्न तिथेच मिटला. आपले असे निम्मे प्रश्न घड्याळ थोडं मागे केलं की मिटतात, असा माझा अनुभव आहे.

याच्या उलट, मेडिकलवाल्याकडे सहज मिळणारे नाक उघडायचे थेंब. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन. पाच मिनिटांत नाक मोकळं, काय सुख! पण तीन-चार दिवसांच्या वर वापरले तर नाकाला त्याची सवय लागते, थेंब उतरले की नाक पहिल्यापेक्षा जास्त फुगतं आणि माणूस पुन्हा थेंबांकडे धावतो. माझी मावसबहीण दीड वर्ष त्या चक्रात होती, उशीखाली बाटली ठेवून झोपायची.

सर्दीच्या गोळ्यांचंही जपून. आपण जी मिश्र गोळी डोळे झाकून घेतो, तिच्यात बहुतेकदा क्लोरफेनिरामिन असतं, त्याने गुंगी येते आणि तोंड कोरडं पडतं. ज्याचा श्वास झोपेत अडतो त्याला गुंगी नको, आणि ज्याचा रात्री पाण्याचा नियम आहे त्याला कोरडं तोंड नको. त्याच गोळीत नाक मोकळं करायला फिनायलेफ्रिनसारखं औषध असतं, ते रक्तदाब असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि स्लीप ॲप्निया असलेल्या किती जणींना रक्तदाब नाही? फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन या नव्या गोळ्यांनी गुंगी कमी येते. मॉन्टेलुकास्ट मिसळलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहून देतात. तिचा काहींच्या मनावर आणि झोपेवर परिणाम होतो, वाईट स्वप्नं पडतात, मन उदास होतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये त्याबद्दल ठळक इशारा दिला आहे. तुम्हाला लिहून दिली असेल तर स्वतःहून बंद करू नका, पण असं काही वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि जाता जाता, कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असतं. गोळीच्या रूपात मिळेल का ते विचारत जा, बऱ्याचदा मिळते.

आता आपल्या घरातलं औषध, नाक धुणं. जलनेती म्हणा. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, एका नाकपुडीतून घालायचं, दुसरीतून काढायचं. परागकण, धूळ, शेंबूड सगळं निघून जातं. पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. नुसतं फडक्याने गाळलेलं नाही, फिल्टरचं नाही, नळाचं तर नाहीच. न उकळलेल्या पाण्यात क्वचित एक असा सूक्ष्म जीव असतो की पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो आणि मग माणूस बहुधा वाचत नाही. हे ऐकल्यावर मला आमच्या सासूबाई आठवल्या. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, उकळलेल्याची चोवीस तास, हे त्या घड्याळ न बघता पाळायच्या. बाकीच्या घरांत नाक धुण्यासाठी मुद्दाम पाणी उकळावं लागतं, आपल्या घरात ते चुलीवर असतंच. नाक आधी धुवायचं, फवारा नंतर, नाहीतर औषधही धुवून जातं. मी दोन्ही सूर्यास्ताच्या आधी उरकते.

सुंठ, मिरी, लवंगेचा काढा मी करते, घशाला बरं वाटतं. आलं नाही, मध तर नाहीच. पण काढ्याने ॲलर्जी जाते असं मी म्हणणार नाही. आणि रात्री नाकपुडीत तूप घालायची ज्यांना सवय आहे, त्यांनी मास्क लावायच्या वेळी ते टाळावं. तेल-तुपाने मास्कचं सिलिकॉन खराब होतं, मास्क घसरतो, आणि दाबाच्या हवेबरोबर तुपाचा अंश फुफ्फुसात जाणं चांगलं नाही.

मशीनला पाण्याची एक टाकी असते, हवा कोमट आणि दमट करायला. पहिली तीन वर्षं मी ती वापरलीच नाही, कटकट म्हणून. ती वापरायला लागल्यापासून घसा कोरडा पडणं निम्म्याने कमी झालं. तिच्यात मी आपलं उकळलेलं पाणी घालत होते आणि मनात खूश होते. महिन्याभरात टाकीच्या बुडाला पांढरा थर. उकळल्याने जीवजंतू जातात, क्षार जात नाहीत, हे शाळेत शिकलेलं पन्नास वर्षांनी आठवलं. आता मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणते. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी नाही हं. आणि रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून, टाकी साध्या साबणाने धुवून, कोरडी करून ठेवते. साचलेल्या पाण्यात जीव उत्पन्न होतात हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. तरी या बाबतीत हयगय करणाऱ्या आपल्यातल्याच दोघी मला माहीत आहेत. रोज पाणी गाळतात आणि टाकीत आठवड्याचं शिळं पाणी.

मशीनमागची जाळीही बघा. ॲलर्जीच्या दिवसांत ती लवकर काळी पडते. पुष्कळ मशीनला परागकण अडवणारी बारीक जाळी वेगळी मिळते, मी भाद्रपद ते कार्तिक तीच लावते. कारखाने सुरू झाले की गच्चीवर काळी राख पडते, तेव्हाही. शिवाय नाकाचा छोटा मास्क आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क असे दोन ठेवलेत. नाक फारच बंद असेल त्या रात्री मोठा लावते. मोठ्यात तोंडाने श्वास घेतला तरी दाब टिकतो. आणि एखाद्या रात्री काहीच जमलं नाही, तर उताणं झोपायचं नाही. कुशीवर, डोकं उंच करून. पण ती एका रात्रीची सोय, सहा रात्रींची नाही.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं, तिच्याकडे येते. माझ्या तपासणीत निघालं की गवतापेक्षाही मला गादीतल्या धुळीच्या किड्यांची ॲलर्जी जास्त आहे. डोळ्यांना न दिसणारे हे जीव आपल्या अंगाच्या कोंड्यावर जगतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत. त्यांच्या विष्ठेची ॲलर्जी येते. उपाय म्हणून सांगतात की चादरी-अभ्रे दर आठवड्याला साठ अंशाच्या गरम पाण्यात धुवा, म्हणजे ते मरतात. मैत्रिणींनो, माझा हात थबकला. मुंगी वाचवायला आपण साखरेच्या डब्याभोवती पाण्याचं ताट ठेवतो, आणि इथे जाणूनबुजून त्रस जीव मारायचे?

गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायला सांगितली आहे. आरंभी हिंसा, म्हणजे घर चालवताना, स्वयंपाक-झाडलोट करताना होणारी, ती पूर्ण सुटत नाही, पण यत्नाने कमी करायची. कपडे धुणं हे आरंभातच येतं, असं मनाला समजावता येतं. पण ‘मारण्यासाठी’ धुणं आणि ‘स्वच्छतेसाठी’ धुणं यांत फरक आहे, तो मी स्वतःपासून लपवणार नाही. मी असा मार्ग काढला की मुळात ते होऊच द्यायचे नाहीत. त्यांना जगायला ओल लागते. वैशाखातल्या कडक उन्हात गाद्या-उशा टाकून खणखणीत कोरड्या केल्या, त्यांना चेन असलेली घट्ट विणीची खोळ घातली, म्हणजे आत-बाहेर काही नाही. जुनी कापसाची रजई आणि पडदे झोपायच्या खोलीतून काढले. पावसाळ्यात त्या खोलीत ओले कपडे वाळत घालायचे नाहीत असा घरात कायदा केला. चादर-अभ्रा दर आठवड्याला धुते, आणि हो, गरम पाण्याने धुते. पण आता तिच्यात पूर्वीइतकं काही नसावं, इतपत समाधान आहे. पूर्ण समाधान नाही. प्रतिक्रमणात ते म्हणते. कीटकनाशकाचा फवारा मात्र गादीवर मारणार नाही, कुणी कितीही सांगो.

आणि झाडलोटीचं. ॲलर्जी कुणाला? मला. नवरात्राआधी जळमटं काढायला खुर्चीवर कोण चढतं? मीच. माळ्यावरची भांडी, जुन्या वह्या, गोधड्या झटकणं, सगळं माझ्याच वाट्याला, आणि मग रात्री शिंकत बसायचं. चाळीस वर्षं मला यात काही चुकीचं दिसलं नाही. गेल्या दिवाळीला मी मुलाच्या हातात केरसुणी आणि ओलं फडकं दिलं आणि सांगितलं, बाबा, मी स्वयंपाक करते, जाळी तू काढ. सूनबाई हसली. ह्यांनी पेपर खाली केला नाही, पण दुसऱ्या दिवशी माळा त्यांनीच आवरला. कोरडं झटकायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, एवढंच मी दारात उभी राहून सांगत होते. मुलगा म्हणाला, “आई, तू दारातूनसुद्धा जा.”

सगळं करूनही नाक वर्षभर गळत असेल, तर ती ॲलर्जी नसून मशीनच्या कोरड्या हवेनेही होतं, टाकीची उब वाढवून बघायची. ताप, पिवळा-हिरवा शेंबूड, गालाचं हाड दुखणं असेल तर घरी थांबू नका. मास्क रोज साबणाने धुवायचा, झोपायच्या आधी तोंड धुवायचं आणि केसांतला गजरा काढून दुसऱ्या खोलीत ठेवायचा, हे तर तुम्हाला सुचेलच.

माझ्या घरात एक गोष्ट अजून सुटलेली नाही, ती धुपाची. मशीन खोलीतलीच हवा ओढतं, आणि आमचं देवघर झोपायच्या खोलीला लागून आहे. ह्यांना संध्याकाळी धूप पेटवल्याशिवाय आरती झाल्यासारखी वाटत नाही. मी म्हटलं, धूप सकाळी करा, संध्याकाळी नुसता दिवा. त्यांनी मान डोलावली. धूप आता सकाळी होतो. पण संध्याकाळी दिव्याशेजारी दोन उदबत्त्या असतातच, आणि विचारलं की म्हणतात, ह्या लहान आहेत. मी मधलं दार लावून घेते, खाली पंचा सरकवते आणि साडेनऊला मास्क लावते. पर्वाला अजून वीस दिवस आहेत. बघू, तोपर्यंत दोनाची एक होते का.